आक्कांची पाठ

रविवारी दुपारी मालिशवाली भागीरथी तेल लावायला आली, तेव्हा हेंद्रेपाड्यातल्या त्या फ्लॅटमध्ये सारं नेहमीसारखंच होतं. बाहेर हेमचंद्र पेपर वाचत होता. आत त्याची बायको कुमुदिनी आक्कांच्या, म्हणजे दिवंगत सासूबाईंच्या, पलंगावर पालथी पडली होती. हल्ली दुसरी गादी तिला सोसतच नव्हती.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या तिने एका झटक्यात सोडल्या होत्या. हळूहळू कशा सोडायच्या ते डॉक्टरांना विचारायचं, पण कुठल्या तोंडाने? चिठ्ठी आक्कांची होती. पाठ दुखते म्हणून सुनेने आधी एखादी घेतली, मग चटक लागली. पुढे सगळ्या हीच गिळायची आणि आक्कांच्या डबीत कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या भरून ठेवायची. म्हातारी आखडून, कण्हत गेली. कॅम्प एक वस्तीतला केमिस्ट मात्र ती गेल्यावरही त्याच चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला. आता अंगाला घाम, हाताला कापरं, डोळ्याला डोळा नाही. तरी सुटायचंच, असा तिचा हट्ट होता.

भागीरथीचा अंगठा पाठीवरून खाली आला आणि थांबला. खोलीत आक्कांच्या बामाचा वास पसरला होता.

"काय गं?"

"वयनी... ही गाठ आक्कांची हाय. याच हातानं चोळलीय इतकी वर्सं... ही पाठ तुमची नाय."

कुमुदिनीने हसायला तोंड उघडलं. घशातून घोगरा आवाज आला, "हळू गं, भागे..."

भागे म्हणून हाक फक्त आक्का मारायच्या. भागीरथी चपला न घालताच जिना उतरली.

कुमुदिनीचं धाबं दणाणलं. उठायला गेली तर मान वळेना. बोटं तळव्यात रुतली, जबडा आवळत चालला. एक गोळी, फक्त एक... हट्ट गेला चुलीत. "अहो..." एवढंच कसंबसं निघालं.

हेमचंद्र पाण्याचा पेला घेऊन आला. उशीखालून त्याने आक्कांची डबी काढली. ती डबी आक्कांच्या दहाव्यालाच कुमुदिनीने स्वतः कचऱ्याच्या गाडीत टाकली होती.

त्याच्या चिमटीत पांढरी गोळी होती. तिला ओरडायचं होतं, पण दात उघडेनात.

तिच्या कपाळावरचा घाम त्याने मायेने पुसला. "तोंड उघड, आई. रोजचीच गोळी आहे... कुमुदिनीनेच भरून ठेवलीय."

स्वयंपाकघरात नळ सुरू होता, आणि कुमुदिनीच्याच बांगड्या वाजवत कोणीतरी भांडी घासत होतं.