ताबा त्याच दिवशी

फोनवर नर्सबाई इतक्या हळू बोलत होत्या, की वकीलबाईंना आधी काही कळेचना.

"ताई, घरात कुणीतरी आहे. वरून ठोकल्याचा आवाज येतोय. मी पळत बाहेर आलेय."

वकीलबाईंनी लगेच कुलूपवाल्याला बोलावलं. सकाळीच त्यांच्या ऑफिसात खरेदीखतावर सह्या झाल्या होत्या. घर विकणाऱ्या म्हाताऱ्या मावशी सही करून निघून गेल्या होत्या, आणि नर्सबाईंची जन्मभराची पुंजी त्या घरात गेली होती. घरात कोणाचं येणं-जाणं असतं, असं वकीलबाईंनी नेहमीप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं होतं. मावशी म्हणाल्या, कोणाचंच नाही. दलालानं तर शपथेवर सांगितलं, की त्यानं कधी उंबरासुद्धा ओलांडला नाही, घर मावशींनीच दाखवलं. ताबा उद्या घ्या, एवढी काय घाई, असंही तो दोनदा म्हणाला होता. पण सही होईल त्याच दिवशी ताबा आणि लगेच नवं कुलूप, हा वकीलबाईंचा शिरस्ता. त्यापायी मागून लोक त्यांना 'कुलूपबाई' म्हणत. बाई मुळातच भित्र्या होत्या, आणि घरांचे व्यवहार भित्र्या माणसाकडे असलेले बरे.

कुलूपवाल्याला सोबत घेऊन त्या पोहोचल्या. फाटकाशी नर्सबाई उभ्या होत्या. त्यांनी दलालालाही फोन केला होता, तोही आला होता. तिसरा एक अनोळखी माणूस होता, शर्ट धुळीनं माखलेला. मी मावशींचा भाचा, तो म्हणाला. मावशी फोन उचलत नाही म्हणून आलो, मागच्या भिंतीवर चढून पाहत होतो.

"हाच तो. धरा याला," दलाल म्हणाला.

नर्सबाई पळत बाहेर आल्या तेव्हा मागे आपटलेलं दार आता अडलं होतं. नर्सबाईंनी ढकललं, भाच्यानं खांदा लावून पाहिला, दार हलेना. दलालानं दोघांना बाजूला केलं, मूठ जरा वर उचलली, खालच्या कोपऱ्याला गुडघा दिला. दार उघडलं.

वकीलबाईंनी ते पाहिलं. त्या कुलूपवाल्याच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि सगळ्यांबरोबर आत शिरल्या. मागे दार बंद झालं.

वरच्या खोलीला कुलूप होतं. आतून ठक् असा आवाज आला. नर्सबाईंनी वकीलबाईंचा दंड घट्ट धरला.

वकीलबाईंनी मोबाईलवर सकाळी सह्यांच्या वेळी काढलेला फोटो भाच्यासमोर धरला.

"या तुमच्या मावशी?"

"नाही. कोण आहे ही?"

"खोटं बोलतोय तो," दलाल म्हणाला.

"मग तुम्ही सांगा. घराची पायरी न चढलेल्या माणसाला हे दार कसं उघडायचं ते कसं कळलं?" वकीलबाईंचा आवाज कापत होता, पण त्या थांबल्या नाहीत. "तुम्ही इथे रोज येत होता. मावशींना कोंडलंत, त्यांच्या जागी दुसरीच बाई सहीला बसवलीत. आज रात्री मावशींना इथून हलवायचं होतं, म्हणून ताबा उद्या हवा होता. आणि या भाच्यावर सगळं ढकलायची संधी तुम्हाला फाटकाशी आयती मिळाली."

दलाल जिन्याकडे सरकला.

"दाराला बाहेरून कडी आहे. कुलूपवाल्यानं पोलिसांना फोन केलाय, ते आल्याशिवाय तो ती काढणार नाही."

"म्हणजे तुम्हीही माझ्याबरोबर आत अडकलात."

"हो. म्हणून तर माझे पाय लटपटताहेत. या खोलीची किल्ली द्या."

भाचा जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. दलाल पायरीवर मटकन बसला आणि त्यानं किल्ली काढून दिली.

मावशी जमिनीवर पडल्या होत्या, हात बांधलेले, तोंडात बोळा. एक पाय तेवढा मोकळा होता आणि अजून भिंतीवर आपटत होता. नर्सबाईंनी गाठी सोडवल्या, नाडी पाहिली, घोटघोट पाणी पाजलं. त्या खरेदीखताला आता काही अर्थ नाही, हे वकीलबाई नर्सबाईंना सांगणार होत्या. पण ते त्यांना केव्हाच कळलं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं.

मावशींनी डोळे उघडले. "तू कोण गं? माझ्या घरात?"

नर्सबाईंनी सकाळी मिळालेली घराची किल्ली पर्समधून काढून मावशींच्या मुठीत ठेवली.

"पाहुणी आहे, मावशी," त्या म्हणाल्या.