लग्नाच्या फोटोतले जेठाभाई

या, जवळ बसा. आज काळी चौदस, दिवाळीतली भुताखेतांची रात्र. गेल्या साली याच रात्री आमच्या राजकोटच्या धनसुखभाईंच्या बाबतीत हे घडलं. माझे शेजारीच ते. भुतंबितं म्हटलं की हसायचे. फोटो खरा की बनावट, हे तपासून कोर्टाला सांगायचं, हे त्यांचं काम.

त्या संध्याकाळी इन्स्पेक्टर जाडेजा वैशाखातल्या एका लग्नाचा फोटो घेऊन आले. पानेतर नेसलेली नवरी रिंकल, तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभे तिचे बापू जेठाभाई, शेजारी तिचे वालजीकाका. जेठाभाई तेव्हापासून बेपत्ता; मांडवात त्यांना पाहिल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी यानंच बापाला मारलं, या संशयावरून त्यांचा थोरला मुलगा धवल कोठडीत होता. फोटो खरा ठरला, म्हणजे लग्नाच्या दिवशी बाप जिवंत होता असं दिसलं, तरच तो सुटणार होता.

"अहो, वारलेल्या बापाला स्टुडिओवाले लग्नाच्या फोटोत उभं करतातच," जाडेजा म्हणाले. "'चिकटवलाय' एवढं लिहा आणि मोकळे व्हा."

"तुमच्या घाईत पोरगा फासावर जाईल, साहेब. चहा घ्या आणि जरा गप्प बसा."

धनसुखभाईंनी कडा तपासल्या. प्रत्येक कॅमेरा फोटोत आपले बारीक दाणे सोडतो, तेही पाहिले. जेठाभाईंच्या अंगावर तेच दाणे. चिकटवल्याची खूण कुठेच नाही. उरले डोळे. समोरचे दिवे सगळ्यांच्या डोळ्यांत सारखेच चमकायला हवेत.

रिंकलच्या डोळ्यांत दोन दिवे. वालजीकाकांच्याही दोन.

जेठाभाईंच्या डोळ्यांत... एकच. गोल. खूप उंचावर.

त्यांनी डोळा मोठा केला. आणखी मोठा.

दिवा नव्हता तो. विहिरीचं तोंड होतं... तळातून दिसावं तसं. काठावरून कुणीतरी आत वाकलेलं...

वालजीकाका.

जाडेजा उठले. "यांच्या वाडीत एक पडीक विहीर आहे."

सकाळी पोलिसांनी ती विहीर उपसली. तळाशी जेठाभाईंची हाडं. काकांनी तिथंच कबूल केलं. "मीच ढकललं. बांधावरून भांडलो होतो... लग्नाच्या आदल्या दिवशी."

आदल्या दिवशी!

धवल सुटला, देवाची कृपा. पण अहवाल लिहायला धनसुखभाईंनी संगणकावर फोटोची फाइल पुन्हा उघडली. प्रत्येक फाइलचा एक लांबलचक आकडा निघतो. फोटोतला एक ठिपका जरी हलला तरी तो बदलतो. आदल्या संध्याकाळी टिपलेल्या आकड्याशी जुळवला. तोच होता. फाइलला कुणी हात लावला नव्हता.

फोटोत जेठाभाई नव्हते.

रिंकल होती. काका होते. मधे मोकळी जागा...

आणि रिंकलच्या खांद्यावर, रेशमी पानेतरावर, पाच बोटांचा ओला ठसा.