कासव चावलेली माणसं

"तुमच्याकडचं कासव बघायचं होतं."

मी मान वर केली. दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीपाशी एक उंच तरुण उभा होता. हातात छत्री असूनही चिंब भिजलेला, म्हणजे पक्का वेंधळा! चष्म्यावर पाण्याचे थेंब, आणि त्यामागचे डोळे इतके गंभीर की मला हसताही येईना.

"कुठलं कासव?"

"जे चावतं ते. तीन महिन्यांत तुमच्या दवाखान्यात साठेक जणांना कासव चावलंय, सिस्टर. जवळपास तळं आहे का?"

"नाही."

"मग येतं कसं?"

"बसने येत असेल," मी म्हटलं, आणि माझी जीभ मीच चावली.

तो हसला. एवढं मोकळं हसणं आमच्या त्या औषधाच्या वासाच्या खोलीत मी तरी कधी ऐकलं नव्हतं. मग त्याने ओळखपत्र दाखवलं. तो आरोग्य खात्यात माहितीचा अभ्यास करायचा. सगळ्या दवाखान्यांतल्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी, नावं गाळून, त्याच्याकडे जायच्या, आणि कुठे काय पसरतंय हे तो त्यातून शोधायचा.

मला खरं सांगावंच लागलं. कुणी मार लागून आलं की कॉम्प्युटर कारण विचारतो आणि ते निवडल्याशिवाय पुढेच सरकत नाही. बाहेर ही रांग! यादीत पहिलंच नाव कुणा शहाण्याने घातलेलं — 'कासवाचा चावा'. ज्याला आपण कसे पडलो हे सांगता येत नव्हतं, त्याच्या नशिबी मी कासव लिहीत होते.

"मला वाटलं, हे वाचतंय कोण!"

"मी वाचतो," तो शांतपणे म्हणाला. "सगळं."

का कोण जाणे, माझे कान गरम झाले.

मग दुपारी रांग ओसरली की मी डॉक्टरांची टिपणं बघून जुन्या नोंदी दुरुस्त करायची, कासवाच्या जागी खरं कारण घालायची आणि तो खिडकीपलीकडे बाकावर बसून माझ्या शंकांना उत्तरं द्यायचा. इतर दवाखान्यांतल्या सिस्टरही माझ्यासारख्याच निघाल्या. कासव सगळीकडे फिरून आलं होतं! आमच्याकडचं काम उरकलं, तरी हा आपला येतच होता.

"आता काय राहिलंय?" मी एकदा विचारलं.

"एक शंका आहे…"

"कुठली?"

"ती… अजून नीट मांडता येत नाहीये."

मी मुद्दाम पडद्याकडे बघत राहिले. पण त्या दिवशी मी एकाच पेशंटची नोंद दोनदा केली.

त्याला मी बाबांबद्दल सांगितलं ते अशाच एका दुपारी. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. रंगवायचे… खुर्चीतून उठता उठता ते दोनदा कोसळले. डॉक्टर म्हणाले, वय झालं. दादाने शिडी माळ्यावर टाकली आणि बाबा गप्प होऊन खिडकीशी बसून राहिले. घरून फोन आला की माझ्या काळजाचा ठोका चुकायचा. पुढच्या वेळी ते उठलेच नाहीत तर?

त्याने बाबांच्या गोळ्या विचारून लिहून घेतल्या. चार दिवसांनी त्याने मला ऑफिसात बोलावलं.

"इथे बसा. हा एकेक ठिपका म्हणजे तुम्ही सगळ्यांनी दुरुस्त केलेल्या नोंदींतलं, उभं राहताना पडलेलं एकेक माणूस."

मोठ्या पडद्यावर ठिपके विखुरले होते. त्याने फक्त रक्तदाबाची एक गोळी घेणारे निवडले. थोडेसेच ठिपके राहिले. मग फक्त सांधेदुखीची एक नवी गोळी घेणारे. तेवढेच. मग दोन्ही गोळ्या एकत्र घेणारे… आणि अख्खा पडदा उजळून निघाला.

बाबा दोन्ही गोळ्या घेत होते!

"यात… बाबा कुठे आहेत?"

"माहीत नाही. नावं नसतात ना."

कुणी मोरीत पडलं होतं, कुणी जिन्यात, कुणी ओट्यापाशी. प्रत्येकाला वाटलं होतं, आपलं वय झालं. एकमेकांचं तोंडही न बघितलेली ही माणसं आता सगळी मिळून मला माझ्या बाबांबद्दल सांगत होती. मला रडू फुटलं. त्याने खिशातून रुमाल काढला, तोही ओलाच.

"हे अजून सिद्ध व्हायचंय," तो घाईने म्हणाला. "पण त्यांच्या डॉक्टरांना आजच भेटा. प्लीज."

डॉक्टरांनी एक गोळी बदलली. बाबा पुन्हा पडले नाहीत. पुढे संशोधक डॉक्टरांनी महिनोन्महिने सगळं पडताळलं, ते खरं ठरलं आणि दवाखान्यांतल्या कॉम्प्युटरवर तशी सूचना घातली गेली. बाबांनी दादाशी भांडून शिडी खाली उतरवून घेतली. तोवर आमचा कासव शोधणारा दुसऱ्या तपासाला लागला होता आणि आमचा बाक रिकामा होता.

काल एक आजी गुडघे धरून आल्या. डॉक्टरीणबाई गोळी लिहायला लागल्या, तोच पडद्यावर लाल अक्षरं उमटली — आधीच्या औषधासोबत देऊ नये. बाईंनी मुकाट्याने दुसरी गोळी लिहिली. "येते गं बाळा," म्हणत आजी एकट्या पायऱ्या उतरून गेल्या. आपण कशातून वाचलो, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं.

मी बाहेर येऊन त्याला फोन लावला.

"आज एक आजी पडल्या नाहीत," मी म्हटलं.

तो हळूच म्हणाला, "मला हे कधी दिसतच नाही. माझ्याकडे फक्त पडलेलेच येतात."

"म्हणून तर… येत जा ना इकडे. मी दाखवीन."

"पण तपास तर संपलाय."

"माहितीये." मी डोळे घट्ट मिटले. "मला तू आवडतोस. खूप. तपास-बिपास काही नसतानाही."

खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज आला, मग काहीतरी धाडकन खाली पडल्याचा.

"मलाही," तो धापा टाकत म्हणाला. "थांब तिथेच… निघालो."