जांभळा ठिपका का रुसला?

काल संध्याकाळपर्यंत काचेवरचा ठिपका छान जांभळा लुकलुकत होता, आणि आज सकाळी बघावं तर ठार काळोख. लेझर शाबूत, आरसे शाबूत. मग नानाआजोबांची नजर फिरत फिरत शाल्मलीवर येऊन टेकली. त्यांच्या मते ती काचेवर शिंकली होती. दुपारपर्यंत कारण सापडलं नाही, तर नातीला प्रयोगशाळेत बंदी, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं.

तो ठिपका होता अर्धवाहकाचा (मर्जी असेल तर वीज वाहू देणारा, नाहीतर अडवून धरणारा पदार्थ). त्याचे पापुद्रे नाना चिकटपट्टीने सोलायचे. एका केसाच्या जाडीत लाखभर मावतील इतके पातळ. त्यापुढे मांडासुद्धा गादी वाटावा. त्यावर तांबडा लेझर टाकला, की प्रकाशाचे दोन कण गळ्यात गळे घालून एकच दुप्पट ताकदीचा जांभळा कण होतात. याला नाना अरेषीय वर्णपटशास्त्र म्हणायचे (आत एक रंग धाडला तर बाहेर दुसराच का येतो, ते शोधायची विद्या).

शाल्मलीने सूक्ष्मदर्शक लावला. काल पापुद्रे तीन होते. आज रंग गडद दिसत होता, म्हणजे चार. मग तिने वाढप्याला गाठलं. हा रोबो आधी मंगल कार्यालयात पंगती वाढायचा. हात हलका म्हणून नानांनी त्याला इथे आणला होता.

"पानात तीन वाढत नाहीत, ताई," तो अदबीने म्हणाला. "तीन तिगाडा, काम बिगाडा. म्हणून चौथा वाढला. अगदी नीट जुळवून. आग्रह मात्र केला नाही."

नाना पोट धरून हसले. मग त्यांनी समजावलं, की हे पापुद्रे एकाआड एक उलट्या तोंडाने बसतात. रस्सीखेचीत दोन्हीकडे सारखे गडी असले की दोर हलत नाही, तसे चार पापुद्रे एकमेकांचा जांभळा प्रकाश पुसून टाकतात. तीन असले की एक गडी जास्त, आणि दोर सरकतो.

"तुझी शिंक मी मागे घेतो," नाना म्हणाले.

"नाना, पण चौथा जरा तिरका बसवला तर?"

नानांनी वाढप्याला खूण केली. तिरकं वाढलं तर पाहुणे नावं ठेवतात, अशी कुरकुर करत वाढप्याने चौथा पापुद्रा उचलला आणि किंचित वळवून ठेवला. लेझर लागला. तिरका गडी धड कुणाच्याच बाजूने ओढेना, दोर हलला, आणि काचेवर जांभळं टिंब उजळलं.

नानांनी आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली, वही शाल्मलीपुढे सरकवली आणि पुढचा कोन किती ठेवायचा, ते तिलाच विचारलं.