बाबांचा बिल्ला

बुटाची नाडी बांधायला मी वाकले, तेव्हा माझ्यामागे कोणीतरी थांबलं. मी डावी नाडी बांधली, उजवी बांधली, मग उगाचच डावी पुन्हा सोडून बांधली. तो माणूस काही हलेना.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं.

"मला होता येत नाही."

"का?"

"सगळ्यांच्या शेवटी चालायचं काम माझं आहे. तुम्ही संध्याकाळपर्यंत नाडी बांधत बसलात, तर मीही संध्याकाळपर्यंत इथेच."

मी वर पाहिलं. पाठीवर भली मोठी पिशवी, तिच्यावर आडवा बांधलेला लाकडी फळा, पावसाने निथळणाऱ्या भुवया आणि हसू लपवायचा साफ फसलेला प्रयत्न. खरं तर मला राग यायला हवा होता. मला राग लवकर येतो, आमच्या हॉस्पिटलात कोणालाही विचारा. पण तो आला नाही, आणि मी जरा गडबडले.

आम्ही अठरा जण निघालो होतो. शेकडो वर्षं यात्रेकरू ज्या दगडी वाटेने डोंगरापलीकडच्या देवस्थानाला चालत गेले, त्याच वाटेने आम्हीही सहा दिवस चालणार होतो आणि त्याबद्दल लोक आमच्या मुलांच्या वॉर्डाला देणग्या देणार होते. मी त्या वॉर्डातली फिजिओथेरपिस्ट. माझे बाबा हट्टाने बरोबर आले होते. "तीस वर्षं टपाल वाटलंय मी. सहा दिवस चालून मला काय होतंय?" आपल्याला दमा आहे हे ते सोयीस्करपणे विसरतात, म्हणून त्यांचा पंप माझ्या पिशवीत. आणि सगळ्यांच्या पुढे मेट्रनबाई. त्यांच्यासमोर आमचे सर्जनसुद्धा खुर्चीत नीट बसतात.

"तुम्ही हॉस्पिटलातले?" चालता चालता मी त्याला विचारलं.

"तळघरातला. पाय बनवतो."

मी थबकले. माझ्या वॉर्डातल्या मुलांचे कृत्रिम पाय तळघरातल्या कारखान्यातून येत. वर्षभर मी तिथे चिठ्ठ्या पाठवत होते, पण खाली कधी गेले नव्हते. मी त्याला माझा वॉर्ड सांगितला.

"'डावा पाय अर्धा सेंटिमीटर लांब. पुन्हा करा. या वेळी नीट.' ती चिठ्ठी लिहिणाऱ्या तुम्हीच का?" तो म्हणाला. "मला वाटायचं, साठीच्या कोणी खडूस बाई असतील."

"आणि मला वाटायचं, खाली कोणी बहिरा म्हातारा बसतो. एकदा सांगून ऐकूच येत नाही त्याला."

"ऐकू येतं हो. तुमची चिठ्ठी आली की आम्ही भिंतीवर लावतो." त्याने पाठीवरची पिशवी सावरली. "म्हणजे... मी लावतो."

दुपारपर्यंत मी त्याचं नाव 'शेपूट' ठेवलं होतं. बाबांनी त्याला मान देऊन 'शेपूटराव' केलं.

त्याच्या पाठीवरच्या फळ्याला अठरा खिळे होते आणि आमच्या प्रत्येकाच्या गळ्यात आकडा कोरलेला एकेक बिल्ला. मुक्कामाला किंवा विसाव्याला पोहोचलं की आपला बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवायचा. फळा भरला म्हणजे सगळे आले. निघताना बिल्ला काढून घ्यायचा. फळा रिकामा झाला म्हणजे सगळे निघाले, मग शेपूट निघणार. इतकी साधी पद्धत. पण बिल्ल्याची दोरी बाबांच्या मानेला टोचायची, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी आपला अकरा नंबर माझ्या खिशात टाकला. विसाव्याला मी माझा बिल्ला अडकवला आणि पाठोपाठ त्यांचाही.

"ज्याचा बिल्ला त्यानेच लावायचा," तो हळूच म्हणाला.

"ते काय, बाबा माझ्या शेजारीच उभे आहेत की. दिसत नाहीत तुम्हाला?"

"दिसतात. पण नियम—"

"पायाच्या मापात नियम पाळत जा आधी."

तो हसला, मान हलवली आणि सोडून दिलं. तीन दिवस सोडून देत राहिला. तीन दिवस आम्ही तिघं सगळ्यांच्या मागे चाललो. बाबा मध्ये, त्यांच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तो. कधी बाबांच्या डोक्यावरून आमची नजरानजर व्हायची आणि बोलता बोलता माझं वाक्य अर्धंच राहायचं. बाबा तेव्हा मुद्दाम समोरच्या डोंगराचं कौतुक करायचे.

चौथ्या दिवशी खिंड चढायची होती. सकाळपासून धुकं उतरत होतं. पावसाची बारीक झिमझिम, घसरडे दगड, आणि हॉस्पिटलने सगळ्यांना दिलेले एकसारखे पिवळे रेनकोट. दहा पावलांवरचा माणूस कोण हे ओळखू येईना. अशात पुढे कोणीतरी किंचाळलं. आमच्यातल्या बालवाडीच्या शिक्षिकेचा पाय मुरगळला होता. तिला उचलून पुढच्या विसाव्यापर्यंत न्यायचं, म्हणजे ताकदीचा माणूस हवा आणि पाय बघायला मी हवी.

शेपटाला शेवटची जागा सोडायची नव्हती, पण तिला उचलू शकेल असा तोच होता. त्याने आमच्या गटातल्या, आमच्या थोडं पुढे चालणाऱ्या दोघी जावांना बजावलं, "यांना एकटं सोडू नका. मी विसाव्यावर फळा लावून थांबतो." बाबा म्हणाले, "जा रे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

विसावा म्हणजे छप्पर असलेल्या तीन दगडी भिंती. शिक्षिकेच्या घोट्याला मी पट्टी बांधत होते, ती कण्हत होती, माणसं आत-बाहेर करत होती. मेट्रनबाई म्हणाल्या, "धुकं वाढतंय, लवकर आटपा." मी उठले, घाईघाईने माझा बिल्ला अडकवला आणि हाताला सवय होती म्हणून अकरा नंबरही. दाराबाहेर, मेट्रनबाईंच्या मागे, एक वाकलेला पिवळा रेनकोट दिसला. ते बाबाच, अशी माझी खात्री होती. फळा भरला, आणि लगेच रिकामा झाला; अकरा नंबर पुन्हा माझ्या खिशात. शिक्षिकेला आधार देत आम्ही निघालो, शेपूट सगळ्यांच्या शेवटी.

दीड तासाने खिंडीतल्या मुक्कामाच्या खोलीत मी सूपचा पेला घेऊन वळले आणि म्हटलं, "बाबा, गरम आहे तोवर..."

बाबा नव्हते.

मी मेट्रनबाईंना विचारलं. त्यांच्या मागे बाबा नव्हतेच, आमच्यातले कंपाउंडर होते. जावांना विचारलं. धाकटी रडायलाच लागली. "ते म्हणाले मोजे भिजलेत, बदलून येतो, तुम्ही व्हा पुढे. आम्हाला वाटलं, फळा भरला म्हणजे आले असतील..."

माझ्या पिशवीत त्यांचा पंप होता. बाहेर अंधारायला जेमतेम तास उरला होता. आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर त्याच्यावर तुटून पडले.

"तुमच्या मागे कोणी राहत नाही ना? एवढं एकच काम होतं तुम्हाला! कुठे आहेत माझे बाबा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवर टांगलेल्या फळ्याकडे पाहिलं. तिथे अकरा नंबर होता. दोन मिनिटांपूर्वी, सूप घ्यायच्या आधी, मीच अडकवलेला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं माझ्या लक्षात आलं.

"चूक माझी," तो मेट्रनबाईंना म्हणाला. "मोजणी माझ्याकडे होती."

"उद्या सकाळी शिक्षिकेला न्यायला गाडी येईल, तिच्यात तुम्हीही बसा," मेट्रनबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "बचावपथकाला फोन केलाय, पण त्यांना दोन तास लागतील."

"मी आत्ता जातो."

"मीही," मी म्हटलं. "पंप माझ्याकडे आहे."

खरं काय ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पंधरा जणांच्या नजरा त्याच्या पाठीला टोचत असताना मी मुकाट्याने त्याच्यामागून बाहेर पडले.

उतारावर तो पुढे, मी मागे. त्याने भिंतीवरचा फळा काढून बरोबर घेतला होता आणि काठीने त्यावर ठोके देत होता. बाबांना ओरडता येणार नाही, हे त्याच्या आधीच लक्षात आलं होतं. ठोका दिला की आम्ही थांबायचो आणि कान द्यायचो. पाऊस, पाण्याची धार, माझाच श्वास. बाकी काही नाही.

"तुम्ही सांगितलं का नाही?" शेवटी मला राहवलं नाही. "बिल्ला मी लावला होता."

"आधी बाबा. भांडण नंतर."

विसावा मागे टाकून आम्ही खाली उतरलो. एका जागी वाट दुभंगत होती. एक आमची, आणि एक गवताने झाकलेली, फार जुनी. त्या गवतात बुटाचा एक ठसा होता. एकच. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांचा बूट ओळखते, टाच बाहेरून झिजलेली. मी मान हलवली. त्याने नुसता हात पुढे केला आणि मी तो घट्ट धरला.

त्याने फळ्यावर ठोके दिले. आम्ही थांबलो. काही नाही. पुन्हा दिले.

आणि दूरवरून, दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. दोन ठोके लागोपाठ, एक जरा उशिरा.

ती पोस्टमनची थाप होती. तीस वर्षं बाबांनी याच तालात लोकांची दारं वाजवली. आमच्या घराचंही याच तालात वाजवतात, किल्ली खिशात असली तरी.

मी धावले. ते एका पडक्या चौथऱ्याला टेकून बसले होते, ओठ निळसर, छाती भात्यासारखी वरखाली. मी पंप त्यांच्या तोंडाला लावला आणि शेपटाने माझं मनगट धरून ठेवलं. एक दाब. दुसरा. मी श्वास मोजत राहिले. किती वेळ गेला ते कळलं नाही. मग बाबांचे खांदे हळूहळू खाली आले.

"वाट चुकली कळल्यावर... बसून राहिलो," ते तुटक तुटक म्हणाले. "पत्ता चुकलेलं पत्र... गावभर हिंडत नाही, पोरी. आहे तिथेच थांबतं. कोणीतरी येतंच न्यायला."

मी त्यांच्या कुशीत शिरून रडले. पोटभर रडले. डोळे पुसून वळले तर शेपूट आमच्याकडे पाठ करून उभा होता, आणि त्याचेही खांदे हलत होते.

"तुम्हाला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." तो वळला नाही. "दुसऱ्या कोणी बापाचा बिल्ला लावला असता, तर मी पहिल्याच दिवशी थांबवलं असतं. तुम्ही... तुम्ही माझ्याशी भांडत होतात, आणि मला ते आवडत होतं. म्हणून सोडून दिलं. आज हे सापडले नसते, तर मी तुम्हाला पुन्हा तोंड दाखवलं नसतं. आणि मला तर..."

"तुम्हाला तर काय?"

"मला ते रोज दाखवायचं होतं."

बाबा डोळे मिटून बसले होते. पण माझे बाबा मला ठाऊक आहेत. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

वाटेतच बचावपथक भेटलं. बाबांना घेऊन आम्ही मुक्कामी परतलो, तेव्हा सगळे जेवायला बसले होते. एकच कल्लोळ झाला. बाबांना पांघरुणं, बाबांना चहा. शेपटाशी मात्र कोणी बोललं नाही. तो दाराजवळ उभ्यानेच पाव खात होता.

मी टेबलाशी जाऊन उभी राहिले. "मला काही सांगायचंय."

त्याने तिकडून मान हलवली. नको, नको.

"बाबांचा बिल्ला मी लावला होता," मी म्हटलं. "ते आलेले नसताना. फळा खोटा भरला तो माझ्यामुळे. मला ते तेव्हाच कळलं होतं, तरी मी यांच्यावर ओरडले आणि यांनी आळ स्वतःवर घेतला तेव्हा गप्प बसले. उद्या गाडीतून परत कोणाला जायचं असेल, तर मला जायला हवं. शिक्षिकेच्या पायाकडेही बघता येईल."

मेट्रनबाईंनी चमचा खाली ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या. "गाडीत तू बसशील. आणि हे शेवटीच चालतील. यापुढे ज्याचा बिल्ला त्यानेच लावायचा."

मी तिथेच बसायला हवं होतं. पण मघाशी त्याला चारचौघांत बोलले होते, मग हेही चारचौघांतच व्हायला हवं.

"अजून एक. हा माणूस मला आवडतो. म्हणजे... खूप आवडतो."

थोरल्या जावेच्या हातून पाव सूपमध्ये पडला. शिक्षिका कण्हायची थांबली. तो लाल झाला, मानेपासून कानापर्यंत.

"मी..." त्याने घसा साफ केला. "अजून दोन दिवस चालायचंय. यांना सगळ्यांना तिथवर पोहोचवतो. मग तुमच्याकडे येतो. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

"दोन दिवस माझ्याबरोबर चालायचंय याला," पांघरुणातून बाबा म्हणाले. "त्यानंतरही याचा विचार तोच राहिला, तर पुढचं बोलू."

सकाळी गाडीबरोबर आलेल्या डॉक्टरांनी बाबांना तपासून चालायची परवानगी दिली, ती फारशी मनापासून नव्हती. पंप मी शेपटाच्या हातात ठेवला आणि कसा वापरायचा ते तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्याने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

गाडी वळणावर आली तेव्हा वरच्या वाटेवर ते सगळे दिसले. पिवळ्या रेनकोटांची रांग, आणि तिच्या शेवटी दोघं. बाबा हातवारे करून काहीतरी रंगवून सांगत होते. मी काच खाली केली. हाक मारावीशी वाटत होती, त्याने एकदा तरी इकडे बघावं असं वाटत होतं. पण त्याने गाडीकडे मान वळवून पाहिलं नाही. ओल्या दगडांवरून चढताना त्याची नजर बाबांच्या पावलांवर होती, एकेका पावलावर. मी हाक मारली नाही. आयुष्यात कोणावर इतकं प्रेम आपण करू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.