वेसाव्याची बुडालेली होडी

"होरी बुडाली नाय साहेब, बुडवली! कोनी ते शोधा. त्याच्याकडून मना भरपाई पायजे."

अंधेरीच्या ऑफिसात सगुणा कोळीण खुर्चीच्या कडेवर कशीबशी टेकली होती. वेसाव्याच्या खाडीत नांगरलेली तिच्या नवऱ्याची, बळवंतची, होडी रात्रीतून तळाला गेली होती. बुडाची फळी आतून पहारीनं फोडलेली. होडी कर्जाची, तारण राहतं घर. आता तेही जाणार होतं.

"विमा असेलच ना?" डिटेक्टिव्ह शरच्चंद्रांनी विचारलं.

"कागद हायेत." ती पदराशी चाळा करू लागली. "पन मी हितं आले ते आमच्या यांना सांगू नका."

शरच्चंद्रांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. त्यांचा सहायक नंदकिशोर मात्र मनातल्या मनात चोर पकडून मोकळा झाला होता.

"सावकारच, सर! पैज लावा."

सावकार म्हणजे होडीसाठी कर्ज देणारा मासळीचा व्यापारी रामनाथ. दोघांनी विचारताच तो उखडला. "होडी चालली तर माझे पैसे फिटणार ना? बळवंतच्या पोटाचं ऑपरेशन झालं. त्यात मेहुण्याला जामीन राहिला, तो मेहुणा पळाला. बुडालेल्याला मी आणखी काय बुडवू यार?"

माणूस दारू-जुगारानं धुळीला मिळतो, असं आपण खुशाल म्हणतो. बळवंतनं साधी विडीही ओढली नव्हती.

"मग खलाशी!" नंदकिशोर म्हणाला.

खलाशी चंदूचा पगार थकला होता, हे खरं. पण तो कळवळून म्हणाला, "त्या सांजेला होरीवरच्या एकवीरा आईच्या तसबिरीला मीच आबोलीचा हार घातला नि उतरलो. आईसकट होरी बुडवायची कोनाची छाती हाय, साहेब?"

शेवटी दोघं बळवंतच्या घरी गेले. तो भिंतीला टेकून बसला होता. अंगात नुसती हाडं उरली होती.

"विमा हाय," तो म्हणाला. "सगलं फिटंल."

नंदकिशोरनं देव्हाऱ्याला हात जोडले. एकवीरेच्या दोन तसबिरी होत्या. एकीची चौकट खाऱ्या वाऱ्यानं पांढुरकी झालेली, वर आबोलीचा सुकलेला हार.

शरच्चंद्रांनी सगुणेला समोर बसवलं.

"ही तसबीर होडीवरची. चंदूचा हारही तोच. म्हणजे चंदू उतरल्यावर कुणीतरी आधी आईला उचललं आणि मग फळी फोडली. वैऱ्यानं ती इथं आणून का ठेवावी? बळवंत, हे तुझं काम."

बळवंतनं मान खाली घातली. "होरी माजी, बुडवली. आईला कशी बुडवू? विम्याचं पैसं आलं का घर वाचंल, हिच्या डोक्यावर कर्ज राहनार नाय."

"विमा असता तर ही भरपाई मागायला माझ्याकडे आलीच नसती," शरच्चंद्र हळूच म्हणाले. "सगुणाबाई, हप्ता भरला नाहीत ना?"

सगुणेला हुंदका आवरेना. "तुमच्या आपरेशनला रगत इकत आनायचं होतं. त्यातच गेलं पैसं. तुमाला सांगितलं आसतं तर तुमी आपरेशन करू दिलं नसतं."

बळवंतनं डोकं मागं भिंतीला टेकवलं. रागवायचंही बळ त्याच्यात नव्हतं. नंदकिशोरला रडू फुटलं. आपलं अनुमान चुकलं असतं तर किती बरं झालं असतं, असं शरच्चंद्रांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"साहेब, तुमी शिकलेले," बळवंतनं विचारलं, "घर घ्यायला येतात तवा भांडी नेऊ देतात का?"

"मला ठाऊक नाही," शरच्चंद्र म्हणाले.