ऊबदार कागद

नगरपालिकेत त्यांना सगळे काटकसरबाई म्हणत. आवक-जावक विभागातल्या साध्या कारकून, पण रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की बाईंचा जीव तुटायचा. टेबलाटेबलावरचे धापा टाकणारे जुने प्रिंटर काढून मजल्याला एकच, कमी वीज खाणारं यंत्र आणायचं, हे खूळ त्यांचंच. साहेबांनी महिन्याची मुदत दिली होती. वीज वाचली तर अशी यंत्रं दवाखान्यांत, शाळांत, सगळीकडे जाणार. नाहीतर जुनी धुडं परत आणि जन्मभराची टिंगल.

यंत्र आलं आणि बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. जिन्याजवळच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हातांनी प्लग लावला. रीत सोपी होती. टेबलावरून छापायला सोडायचं, मग येऊन काचेवर तळहात ठेवून उभं राहायचं. ज्याचा हात, त्याचाच कागद. छापून विसरलेले गठ्ठे बंद! आणि कागद यायचा तो इस्त्रीच्या कपड्यासारखा ऊबदार. लोक तो गालाला लावून बघत.

आठवड्यात मजल्याचा मीटर असा काही मंदावला, की काटकसरबाईंनी चक्क सगळ्यांना चहा पाजला.

जन्मनोंदणीच्या ताई मात्र भर दुपारी स्वेटर घालून बसू लागल्या. करवसुलीचे भाऊ सारखे बोटं चोळत.

"ना एसी, ना काही, आणि हात बर्फ झालेत!"

"कामाची सवय नाही हो तुम्हाला," बाई म्हणायच्या. सगळे हसायचे.

मुदत संपली त्या दिवशी वायरमनकाका मीटर बघायला आले. जाता जाता यंत्रापाशी उकिडवे बसले ते बसलेच.

"बाई, इथे प्लग कोणी लावला?"

"मीच. का हो?"

"हा पॉइंट मेलाय. भिंत रंगवायच्या आधी मीच वायर कापली होती."

त्यांनी टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग प्लगच उपसून काढला.

यंत्राचा पडदा उजळलेलाच राहिला.

"आत बॅटरी असेल," बाई म्हणाल्या.

"यात नसते."

तेवढ्यात ताई आल्या. काचेवर हात ठेवला, कागद घेतला, बोटांवर फुंकर घालत निघून गेल्या.

"साहेबांना सांगू?" काकांचा आवाज खाली गेला होता.

बाईंना भीती वाटली, नाही असं नाही. पण आनंद मोठा होता. वीज कमी नाही, वीज लागतच नव्हती!

"उद्या सांगू, काका. आज मंजुरी आहे."

मंजुरी मिळाली. बाई धावतच यंत्रापाशी आल्या आणि तळहात टेकवला. गारठा कोपरापर्यंत चढला. त्यांनी हात काढला नाही.

प्लग फरशीवर पडलेला होता.

घरी लेक दारातच बिलगली. बाईंनी तिचा गाल कुरवाळला.

"ई, आई! गार!"

बाईंनी हसत पर्समधून मंजुरीचा छापलेला कागद काढला. "बघ तरी! आईचं यंत्र आता तुझ्या शाळेत येणार."

लेकीने कागद हातात घेतला. तो अजून ऊबदार होता. तिने तो गालाशी धरला, डोळे मिटले.

"आई, तुझा हात इथे आहे," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे हात पुढे केला. कागद घट्ट धरून ती मागे सरली.